अठराव्या वर्षी पहिली गाडी स्पोर्ट्‌स कार? घरात निर्णय घेण्यापूर्वी करायच्या गोष्टी

ऑगस्ट २०२४ मध्ये आमचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि त्याच आठवड्यात त्याच्या आजोबांनी मुळशीकडची जमीन विकून आलेल्या पैशांतून नातवाला गाडी घेऊन देण्याचे जाहीर केले. गाडी कोणती, हे मुलाच्या मनात दोन वर्षांपूर्वीच ठरलेले होते. २०१७ सालची, लाल रंगाची, पाच लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची फोर्ड मस्टँग जीटी त्याने पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पाहून ठेवली होती. सासऱ्यांनी शब्द दिलेला, मुलाचा जीव त्या गाडीत अडकलेला आणि आमच्या पोटात गोळा, अशा अवस्थेत आम्ही पुढचे चार महिने विक्रेते, विमा एजंट आणि आरटीओ यांच्याकडे हेलपाटे घातले. त्या चार महिन्यांत जे कळले ते आधी कोणी क्रमाने सांगितले असते, तर घरातली निम्मी भांडणे टळली असती. म्हणून हे लिहिते आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. एवढ्या ताकदीची गाडी नवशिक्याची पहिली गाडी म्हणून योग्य नाही, मग तो मुलगा कितीही शांत, समजूतदार आणि अभ्यासू असो. हे मत मी भीतीपोटी बनवलेले नाही. ते कशावरून बनले, ते पुढच्या पायऱ्यांत येईल, आणि तुमच्या मनातली गाडी वेगळी असेल तर त्याच पायऱ्यांनी तुम्ही तिचाही हिशेब करू शकाल.

१. वय आणि परवाना यांत एक दिवसाचीही सूट घेऊ नका

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार चारचाकी चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारी परवानगी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची आहे, आणि तिचा मोटारीशी काहीही संबंध नाही. तरीही "सोसायटीच्या आवारातच तर चालवतो आहे" असे म्हणत सतराव्या वर्षी मुलाच्या हातात किल्ली देणारी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये, पोलिसांच्या म्हणण्यानुसार १७ वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या वेळी आमचा मुलगाही सतरा वर्षांचाच होता. त्या बातमीनंतर हे कलम पुण्यातल्या बऱ्याच पालकांनी पहिल्यांदा वाचले, आणि त्यांत आम्हीही होतो.

अठरा पूर्ण झाल्यावर क्रम असा असतो. आधी सारथी संकेतस्थळावरून लर्निंग लायसनसाठी अर्ज करायचा. महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. लर्निंग लायसन सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हे अक्षर हवे आणि शेजारच्या आसनावर पक्का परवाना असलेली व्यक्ती हवी. मागच्या आसनावर बसून मोबाईल पाहणारा मोठा भाऊ या अटीत बसत नाही.

तीस दिवस ही किमान मुदत आहे. एकतिसाव्या दिवशी चाचणी देण्याची घाई करण्याचे कारण नाही.

२. गाडीच्या ताकदीला तिच्या वजनाने भागा

घरातली चर्चा "ही गाडी फार पळते" आणि "पळवली तर पळते" या दोन वाक्यांमध्येच फिरत राहते, आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही. आमच्या घरात चर्चा पुढे सरकली ती एका भागाकारामुळे. गाडीची ताकद किलोवॅटमध्ये घ्या (अश्वशक्तीचा आकडा असेल तर त्याला ०.७३५ ने गुणा) आणि रिकाम्या गाडीच्या वजनाने, म्हणजे टनांनी, भागा. एका टनामागे किती किलोवॅट ताकद आहे, हे उत्तर येईल. गाडी किती झपाट्याने वेग पकडते आणि पायाची छोटी चूक किती महागात पडते, हे या एका आकड्यावरून बऱ्यापैकी कळते.

भारतात विकल्या गेलेल्या त्या मस्टँगची ताकद ४०१ अश्वशक्ती होती आणि वजन पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे टनामागे सुमारे १७० किलोवॅट. आमच्याकडे आधीपासून असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीच्या वर्गातली, सध्याची मारुती स्विफ्ट घेतली तर ८२ अश्वशक्ती आणि साधारण ९२० किलो, म्हणजे टनामागे ६५ किलोवॅट. फोक्सवॅगन व्हर्टसचे दीड लिटर इंजिनाचे १५० अश्वशक्तीचे रूप घेतले, तर उत्तर नव्वदीच्या अलीकडे येते.

आता हे आकडे इतर देशांच्या नियमांशेजारी ठेवा. इटलीत डिसेंबर २०२४ पासून परवाना मिळालेल्या चालकाला पहिली तीन वर्षे टनामागे ७५ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची आणि एकूण १०५ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची मोटार चालवता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात नवशिक्या चालकांसाठी ही मर्यादा टनामागे १३० किलोवॅट आहे. मस्टँग या दोन्ही ठिकाणी नवशिक्याला चालवता आली नसती. भारतात असा कोणताही नियम नाही. आपला कायदा वय विचारतो, परवाना विचारतो, आणि परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणती मोटार घेऊन रस्त्यावर यावे याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्यामुळे ही रेघ घरात ओढावी लागते. आम्ही ती टनामागे ७५ किलोवॅटवर ओढली, आणि पहिल्या दोन वर्षांसाठी तीच ठेवली.

हा भागाकार मुलाकडूनच करून घ्या. आमच्या मुलाने स्वतः बारा गाड्यांचा तक्ता केला, आणि तक्ता पूर्ण झाल्यावर तो अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

इथे एक सापळा आहे. ताकदवान गाडी आता ताकदवान दिसेलच असे नाही. दोन दारे, बुटके छप्पर आणि मोठा आवाज ही ओळख विजेच्या गाड्यांनी पुसून टाकली आहे. महिंद्राच्या बीई ६ या विजेवरच्या गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या रूपात २८६ अश्वशक्ती आहे. ती चार दारांची आहे, तिच्यात आजी-आजोबा बसू शकतात, आणि विजेच्या मोटरचा जोर पाय दाबताक्षणी पूर्ण मिळतो. "स्पोर्ट्‌स कार नको, एखादी घरगुती इलेक्ट्रिक घेऊ" असे ठरवताना हाच भागाकार तिथेही करा.

३. "भारी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी" हे कागदावर तपासा

आजोबांचा युक्तिवाद होता की एवढी वजनदार, महागडी अमेरिकन गाडी पोराला वाचवेल. वजनाबद्दल ते अगदीच चुकत नव्हते. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था किशोरवयीन चालकांसाठी फार छोट्या गाड्या टाळा असे सांगते. परंतु हीच संस्था त्याच सल्ल्यात जास्त ताकदीच्या गाड्याही टाळा म्हणते, आणि गाडी घसरू लागल्यास चाकांवर आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी ईएससी यंत्रणा, जिला आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ईएसपी म्हणतात, ती असलीच पाहिजे असा आग्रह धरते. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या चालकांचे जीवघेण्या अपघातांचे प्रमाण, प्रत्येक मैलामागे मोजले तर, वीस वर्षांवरच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे, ही आकडेवारीही याच संस्थेची.

महाग म्हणजे सुरक्षित, या समजुतीचे उत्तर मात्र मस्टँगच्याच कागदावर सापडले. नव्या गाड्यांच्या धडक चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये या गाडीला पाचपैकी दोन तारे दिले होते. समोरच्या धडकेत एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत आणि मागच्या प्रवाशाचा पुतळा पट्ट्याखालून घसरला. त्याच वर्षी सुधारणा करून आलेल्या गाडीला तीन तारे मिळाले. दुसरीकडे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या अशाच दुसऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या मारुती डिझायरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. या चाचण्यांचे निकष सारखे नाहीत, त्यामुळे तारे एकमेकांशी थेट तोलू नयेत. मात्र किमतीच्या आकड्यावरून सुरक्षिततेचा अंदाज बांधणे चूक आहे, एवढे यातून स्पष्ट होते.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपही सुरू झाले आहे. गाडी निवडताना एवढे पाहा: ईएससी सर्व प्रकारांत आहे की फक्त वरच्या प्रकारात, एअरबॅग किती, आणि मागच्या मधल्या प्रवाशाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का. जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या मोटारींना सक्तीचे आहे, त्यामुळे विक्रेता ते वैशिष्ट्य म्हणून सांगू लागला तर पुढच्या प्रश्नाकडे वळा.

४. गाडी पाहायला जाताना अनुभवी चालक सोबत न्या आणि पाऊस पडला असेल तर उत्तम

आम्ही मस्टँग पाहायला गेलो तेव्हा सप्टेंबरची भुरभुर चालू होती. मुलाकडे तेव्हा नुकतेच लर्निंग लायसन आले होते. तरीही विक्रेत्याच्या माणसाने "घे रे, एक चक्कर मार" म्हणत किल्ली त्याच्याच पुढे केली. गाडीला 'एल'ची पाटी नव्हती आणि विमा चालू आहे की नाही हे आम्ही विचारलेही नव्हते. ही चूक करू नका. चालवून पाहण्यापूर्वी विम्याची तारीख पाहा, आणि लर्निंग लायसनवाल्याला दुसऱ्याच्या गाडीची किल्ली घेऊ देऊ नका.

गाडी यांनी चालवली. यांचा परवाना सत्तावीस वर्षांचा आहे, कोकणातले घाट पावसाळ्यात रात्री उतरलेला माणूस आहे. नव्या वसाहतीतल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर एका चौकात डावीकडे वळताना, वळण पुरते संपण्याआधीच, त्यांनी नेहमीच्या सवयीने पाय किंचित दाबला. तेवढ्यात गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे पिवळे चिन्ह लुकलुकले आणि दीड-दोन सेकंदांनी गाडी सरळ झाली. वेग पस्तीसही नव्हता. यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि मागे न पाहता मुलाला म्हणाले, "मी काय केलं ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं असतं का?"

कारण नंतर कळले. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि वळणावर जास्त पाय दाबला गेला तर गाडी सरळ ओढली जाते. अशा वेळी घाबरून पाय उचलला की बहुधा निभावते. मस्टँगमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. तिथे मागची चाके घसरतात, गाडी गिरकी घेऊ पाहते, आणि एकदम पाय उचलणे किंवा ब्रेक मारणे यानेच ती अधिक बिघडू शकते. म्हणजे नवशिक्याची जी पहिली, नैसर्गिक प्रतिक्रिया, तीच तिथे घातक ठरते.

दुसरे कारण टायरमध्ये होते. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. मी उकिडवी बसून, मोबाईलचा उजेड टाकून पाहिले, तर मागच्या टायरवर १११७ असे होते, म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा. गाडी फार चाललेली नसल्याने नक्षी खोल होती, पण रबर नखाने दाबून पाहिले तर कवडीसारखे कडक लागले, आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या. कमी चाललेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हे हमखास आढळते. मीटरवरचा आकडा पाहून लोक खूश होतात आणि सात वर्षांचे टायर तसेच घरी आणतात.

५. विमा एजंटला गाडी ठरवण्याआधी भेटा

विम्याचे काम शेवटी करायचे असते असे आपण धरून चालतो. ते आधी करावे, कारण घरातल्या जुन्या समजुती इथेच सर्वात लवकर मोडतात.

त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरलेला आहे. २०२२ च्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, आणि त्यावर ७,८९७, वर कर वेगळा. हा फरक झेपण्यासारखा आहे. खरा भार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा असतो, कारण तो गाडीच्या विमा मूल्यावर बसतो आणि परदेशातून आलेल्या गाडीचा एक दिवा किंवा बंपरसुद्धा छोट्या गाडीच्या मोठ्या दुरुस्तीइतका पडतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यापासून तर सुटा भाग कधी मिळेल हाही वेगळा प्रश्न आहे.

आम्हाला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी एजंटने सांगितल्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, हा गाडीचा नसतो, विमेदाराचा असतो. त्यामुळे यांच्या नावावर साचलेली पन्नास टक्के सवलत मुलाच्या नावावर घेतलेल्या गाडीला मिळणार नव्हती, आणि जुन्या मालकाची सवलतही गाडीबरोबर येणार नव्हती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर विमा कंपनी मृताच्या किंवा जखमीच्या कुटुंबाला आधी भरपाई देऊन ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. लर्निंग लायसनवर चालवताना वर सांगितलेल्या अटी, म्हणजे पाटी आणि शेजारची परवानाधारक व्यक्ती, पाळलेल्या असतील तरच पॉलिसी लागू राहते. एका पाटीसाठी आयुष्याची कमाई पणाला लावू नका.

६. जुनी गाडी घेणार असाल तर लागणारी कागदपत्रे

हा भाग कोणत्याही जुन्या गाडीला लागू आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

• मूळ आरसी, आणि तिच्यावरचा चासी व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहणे
• मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
• गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
• गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र
• चालू विमा पॉलिसी आणि पीयूसी
• अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी
• थकीत ई-चलनांची स्थिती, गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन पाहून घेतलेली

महागड्या गाड्यांच्या बाबतीत परराज्यातल्या नोंदणीकडे विशेष लक्ष द्या. गाडी महाराष्ट्रात कायमची आणली की इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो, आणि आधीच्या राज्यातला परतावा मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. "करू नंतर" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तो आकडा लेखी घ्या. गाडी नावावर झाल्यावर विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यावा.

७. पहिले वर्ष घरच्या गाडीवर, आणि हाताशी एक वही

आमच्या मते हीच सर्वात महत्त्वाची पायरी आहे, आणि गाडी कोणतीही घ्या, ती टाळू नये.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलने एकवीस दिवस, रोज अर्धा तास शिकवले. म्हणजे साडेदहा तास, आणि तेही शेजारी दुसरे ब्रेक असलेल्या गाडीत. पुढे भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण व चाचणी केंद्रात संगणकीकृत ट्रॅकवर चाचणी झाली. तिथे इंग्रजी आठाचे वळण, 'एच' आकारात मागे घेणे, चढावर थांबून पुन्हा निघणे आणि समांतर पार्किंग असते. ही चाचणी प्रामाणिक आहे आणि मुलगा ती पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाला. पण तिच्यात गाडी फार तर दुसऱ्या गिअरमध्ये जाते. ज्या वेगात माणसे मरतात त्या वेगाची परीक्षा कोणीच घेतलेली नसते.

न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला परवान्याच्या चाचणीपूर्वी १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यात २० तास रात्रीचे. तेवढे आम्हाला जमणार नव्हते, म्हणून आम्ही शंभर तास ठरवले. पैकी वीस रात्रीचे, दहा पावसातले, आणि दहा घाटातले. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, रस्ता, हवा, सोबत कोण आणि शेवटी "काय चुकले" असे सहा रकाने आखले. शेवटचा रकाना मुलाने स्वतः भरायचा, आम्ही नाही. पहिल्या वीस पानांत "काही नाही" असेच लिहिलेले आहे. एकविसाव्या पानापासून खरे लिहायला सुरुवात झाली: "चांदणी चौकात लेन बदलताना आरसा पाहिला, मान वळवली नाही." "ताम्हिणीत धुक्यात वरचा दिवा लावला, समोरचे काहीच दिसेना." मला विचाराल, तर मुलगा चालक झाला तो त्या पानापासून.

तासांची वाटणी करताना एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली. एका रविवारी सकाळी बंद रस्त्यावर मुलाला गाडीतून उतरवले आणि टेपने अंतर मोजून दोन विटा ठेवायला लावल्या. पहिली ३५ मीटरवर, दुसरी ९८ मीटरवर. ताशी ५० किलोमीटर वेगात, समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण पहिल्या विटेपाशी थांबते. ताशी १०० वेगात दुसऱ्या विटेपाशी. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचे अंतर चौपट होते, हे त्याने अकरावीत भौतिकशास्त्रात शिकलेलेच होते. पण दुसऱ्या विटेपाशी उभे राहून मागे पाहिल्यावर, गाडीजवळ उभी असलेली मी त्याला केवढी दिसते, हे त्याने पहिल्यांदाच पाहिले.

या वर्षासाठी आम्ही नियम लिहून त्याखाली तिघांनीही सह्या केल्या. रात्री अकरानंतर एकट्याने गाडी नाही. पहिले सहा महिने सोबत एकापेक्षा जास्त मित्र नाही, कारण समवयस्क गाडीत जमले की धोका वाढतो हे परदेशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मागच्या आसनावरही पट्टा. दारूचा एक थेंबही नाही, आणि महाराष्ट्रात या वयाला ती कायद्यानेही मिळत नाही. मित्राने घेतली असेल तर रात्री कितीही वाजता फोन करायचा, आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. हा शेवटचा नियम आमच्यासाठी होता. एकदा तसा फोन आला, पहाटे सव्वा वाजता, आणि तो आम्ही पाळला.

वेगाचा इशारा देणारा आवाज बंद करून घेऊ नका. जुलै २०१९ पासूनच्या मोटारींत ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत तो वाजतो. गॅरेजमध्ये तो बंद करून देणारे भेटतात, आणि तरुण मुलांमध्ये ती मोठी हुशारी समजली जाते.

८. वेगाची हौस असेल तर तिला जागा द्या

नुसते "नाही" म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्या मुलाला इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखता येते, त्याची आवड खरी असते. तिला घरात मान मिळाला नाही, तर ती मध्यरात्री बाह्यवळण मार्गावर मित्राच्या गाडीत जाते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे म्हणून तिथे हौस भागवावी, असे सुचवणारेही भेटतील. त्यांचे ऐकू नका. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, तिथे झोप आणि तापलेले टायर हे वेगाइतकेच मोठे शत्रू आहेत.

वेगासाठी बांधलेल्या जागा देशात आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. शर्यतींच्या प्रशिक्षण शाळा चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर चालतात, आणि तिथे गाडी त्यांची असते. आजोबांनी गाडीसाठी बाजूला काढलेल्या रकमेतला लहानसा हिस्सा आम्ही यासाठी वापरला. उरलेल्या पैशांतून नवी डिझायर आली आणि बाकीची रक्कम मुदत ठेवीत गेली. आजोबा सुरुवातीला नाराज होते. कोइंबतूरला मात्र ते स्वतः आले, आणि नातू हेल्मेट घालून ट्रॅकवर उतरला तेव्हा कठड्याला धरून उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत.

तिथे जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळाचे, नाडीचे बूट न्या. हेल्मेट शाळेकडून मिळते का, हे आधी विचारून घ्या. आणि स्वतःची गाडी ट्रॅकवर नेण्याचा विचार असेल तर पॉलिसीतले वापरावरच्या मर्यादांचे कलम आधी वाचा. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांत झालेले नुकसान आपली नेहमीची मोटार विमा पॉलिसी भरून देत नाही, आणि ट्रॅकवर जाण्यापूर्वी सही करून द्यायच्या कागदातही सगळी जबाबदारी तुमच्यावरच टाकलेली असते.